सामायिकाचा आकडा नको, सामायिक हवं



गेल्या आठवड्यात आमच्या बोरिवलीच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सूचना आली. बुधवारी दुपारी हॉलवर जमून सामायिक करणं आता बंद करू या. पाऊस, ट्रॅफिक, मुलांचे क्लास, कोणालाच वेळ नाही. प्रत्येकीने घरीच करावं आणि रात्री ग्रुपवर आकडा टाकावा. महिन्याअखेर जिचा आकडा मोठा, तिला बक्षीस. बघता बघता अंगठ्यांची रांग लागली. मी अंगठा दिला नाही. का, ते सांगते.

आधी माझ्याच बाजूच्या बायकांचं एक बोलणं खोडते. ‘एकत्र बसलं की फळ कितीतरी पटीने मिळतं’ असं काहीजणी म्हणतात. मला हे पटत नाही. आपल्याकडे ज्याचं कर्म त्यानेच खपवायचं. पुणिया श्रावकाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नरक टाळायला श्रेणिक राजा त्याच्या एका सामायिकाचं फळ विकत घ्यायला गेला, तर त्याचं सगळं वैभव कमी पडलं. जे राजाला मिळालं नाही, ते शेजारणीच्या आसनावरून सरकत माझ्याकडे कसं येईल?

पण त्याच कथेचा दुसरा भाग आपण विसरतो. एके दिवशी पुणियाचं मन सामायिकात लागेना. त्याने बायकोला विचारलं, तेव्हा कळलं की शेजारणीची गोवरी न विचारता चुलीत गेली होती. म्हणजे फळ वाटता येत नाही हे खरं, पण सामायिक सांभाळलं जाणं किंवा बिघडणं हे सोबतच्या माणसांवरही असतं. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

आता घरचं सामायिक बघा. एक सामायिक म्हणजे दोन घटिका, ४८ मिनिटं. तेवढा वेळ सावद्य क्रिया बंद. गॅस नाही, नळ नाही, दिव्याचं बटण नाही, फोन नाही. आपल्या वन बीएचकेमध्ये हे कुठे जमतं? कुरिअरवाला बेल वाजवतो. सासूबाई गोळी मागतात. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची म्हणून चारपासूनच जीव स्वयंपाकघरात. मी घरी बसते तेव्हा माळ हातात आणि कान कुकरच्या शिट्टीकडे. रात्री मी ‘१’ लिहीन, पण ते खरं असेल का?

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सामायिकाचे पाच अतिचार सांगितले आहेत. मन, वचन आणि काया भलतीकडे वळणं हे तीन. चौथा अनादर, म्हणजे कसंतरी उरकणं. पाचवा विस्मरण, म्हणजे आपण काय करत होतो तेच विसरणं. घरी एकटी असताना हे पाचही माझ्याकडून होतात आणि अडवायला कोणी नसतं. हॉलमध्ये वाळूचं घड्याळ मध्ये असतं, दोन्ही बाजूंना बायका स्थिर बसलेल्या असतात. उठायची लाज वाटते. त्या लाजेने मी अर्धा तास टिकते, आणि मग कधीतरी खरंच मन लागतं.

खाडीपलीकडे गोराईला विपश्यना पॅगोडा आहे. त्याच्या घुमटाखाली एकाही खांबाशिवाय आठ हजार माणसं बसू शकतात. तो मार्ग आपला नाही, पण त्यांची एक रीत विचार करण्यासारखी आहे. त्यांच्या दहा दिवसांच्या शिबिरात मौन असतं, साधना ज्याची त्याची असते. तरीही रोज तीनदा, एकेक तास, सर्वांनी एकत्र बसायचंच असतं. मौनातल्या माणसांनाही सोबत लागते, मग आपल्याला लागत नाही का?

‘बायका जमतात त्या गप्पांसाठी’ हा टोमणा मला माहीत आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. मीही सामायिक पारल्या पारल्या शेजारणीला ढोकळ्याचं प्रमाण विचारलंय. ती भक्तकथाच झाली. पण दोष गप्पांचा आहे, जमण्याचा नाही. फोन टोपलीत ठेवा. नाश्ता आणि प्रभावना बंद करा. वेळ झाली की दार लावा.

आमच्यात कोणी मुहपत्ती बांधते, कोणी हातात धरते, आम्ही सांगलीकडच्या दिगंबर दोन्ही करत नाही. ४८ मिनिटं कोणी कोणाला विचारत नाही. आणि एक तरुण सून आहे. ती म्हणाली, ‘ताई, सामायिकला जाते म्हटलं की घरचे अडवत नाहीत. घरी बसते म्हटलं की आधी दूध तापवायला सांगतात.’ बुधवार बंद झाला तर तिचं काय उरेल? रोज रात्री एक शून्य, तेही सगळ्यांसमोर.

आजारी, वयस्कर, ओल्या बाळंतिणी यांनी घरी जरूर करावं. त्यांचा आकडाही कोणी विचारू नये. बाकीच्यांसाठी माझी उलटी सूचना आहे. दर बुधवारी दोघींनी पाळीपाळीने बाहेरच्या खोलीत सगळ्यांची लहान मुलं सांभाळावीत. पहिल्या बुधवारी मी मुलं सांभाळते. दुसरी कोण, ते कळवा.

लिहिताना कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.