चढत्या बाजारातली हुशारी

परवा भाच्याने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. दोन दिवसांचा वर्ग, फी पाच हजार, विषय 'ट्रेडिंगमध्ये भावनांवर नियंत्रण'. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण एकाही पोराचा राग दोन दिवसांत घालवू शकलो नाही. हे लोक लोभ घालवतात म्हणे!

भाचा ऑप्शनमध्ये खेळतो. त्याचं ठाम मत, "मामा, बाजार चढत असताना भिऊन बाहेर बसणं हाच खरा तोटा."

मला हे साफ नामंजूर आहे. पडत्या बाजारात भीती निदान सावध तरी करते. चढत्या बाजारात चुकासुद्धा नफ्यात निघतात. कॉपी करून पास झालेल्या पोराला जसा आपला अभ्यास पक्का झाल्यासारखा वाटतो, तसंच हे.

आकडेच बघा. मार्च 2021 अखेर ते मार्च 2024 अखेर सेन्सेक्स साधारण साडेएकोणपन्नास हजारांवरून साडेत्र्याहत्तर हजारांवर गेला. याच तीन वर्षांचा सेबीचा अहवाल सप्टेंबर 2024 मध्ये आला. फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या सामान्य लोकांपैकी शंभरातले 93 तोट्यात! एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. एवढ्या तेजीत!

हे मी शहाणपणा मिरवायला लिहीत नाही. 2021-22 च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या पुढे गेला होता. पुढच्या वर्षी आमच्या परभणी जिल्ह्यात लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. मीही ठेवला. जानेवारी 2023 मध्ये व्यापारी आठ हजारांनी मागत होता, मी नाही म्हणालो. हिशेब काहीच नव्हता, मागच्या वर्षीचा आकडा डोक्यात बसला होता. घरातल्या कापसाने नातवंडांच्या अंगाला खाज सुटली, तरी मी दहा हजारांची वाट बघतोय! शेवटी मे महिन्यात सात हजारांच्या आसपास विकला.

पण बुडालो नाही. संयमामुळे? छे! पेन्शन चालू होती आणि कापसावर एका पैशाचं कर्ज नव्हतं. ज्यांच्या डोक्यावर पीककर्ज आणि कृषी केंद्राची उधारी होती, त्यांना याच चुकीची किंमत कितीतरी जास्त पडली. लोभ आमचा सारखाच होता. शिवाय भाव पडला तरी कापूस कापूसच राहतो. ऑप्शनची मुदत संपली की बरेचदा हातात शून्य उरतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की भावना आवरायच्या नादी लागू नका, रक्कम आवरा. किती गेले की थांबायचं आणि किती मिळाले की थोडं विकायचं, हे बाजार बंद असताना वहीत लिहा. बाजार चालू असताना त्यात खाडाखोड नाही. आणि उसना पैसा मुळीच नको. अर्धे पैसे गेले तर मूळ पदावर यायला उरलेल्यांचे दुप्पट करावे लागतात, हे पाचवीतल्या पोरालाही कळतं.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्यांना धोका नकोच असतो. अहो, कोरडवाहू शेती करणाऱ्याला धोका काय शिकवता? तो दर जूनला मातीत पैसे टाकतो.

आता खरं कारण सांगतो. 3 जून 2024 ला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला, तेव्हा भाच्याने पेढे आणले होते. 4 तारखेला तो सुमारे 4,400 अंशांनी कोसळला. भाच्याचे किती गेले, ते त्याने आजवर सांगितलेलं नाही. आता तो 'रिकव्हरी'साठी माझी एफडी मोडायला सांगतोय.

बाळा, तू हे वाचतोस, मला माहीत आहे. एफडी मोडणार नाही. मित्रांचं किती देणं आहे ते कागदावर लिहून आण, त्याचे हप्ते आपण मिळून बसवू. रागावलास तर रागाव, पण रविवारी जेवायला ये.

असो.