आखातातला कंदील चालतो, पेठेतला का नको?

गेल्या वर्षी आगमनकाळात दिव्यांच्या माळा घेण्यासाठी आम्ही बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत गेलो होतो. बरोबर दुबईत दीर्घकाळ नोकरी करून परतलेले आमचे एक आप्त होते. दुकानदाराने दिवाळीत उरलेल्या माळा पुढे केल्या, तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे आपला नाताळ ही दिवाळीची शिळी आवृत्तीच की!"

आम्हीही हसलो. परंतु पुढच्याच रविवारी धर्मग्रामाच्या बैठकीत तोच विचार सभ्य शब्दांत मांडला गेला. गोठ्यावर आकाशकंदील नको, मंदिराच्या दारी रांगोळी नको, मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर करंज्या वाटण्याऐवजी केक वाटावा. एकूण काय, नाताळ नाताळासारखा व्हावा!

नाताळासारखा म्हणजे नेमका कोणासारखा? हेच आप्त दुबईच्या नाताळाचे वर्णन करू लागले की त्यांचा कंठ दाटून येतो. तिथे २५ डिसेंबरला सुट्टी नाही. कामावरून थेट सेंट मेरीज चर्चच्या आवारात यायचे आणि हजारोंच्या गर्दीत उभे राहायचे. साप्ताहिक सुट्टी २०२१ च्या अखेरीपर्यंत शुक्रवारी असे, म्हणून रविवारची उपासना शुक्रवारी होई. फिलिपिनो बंधूंनी नाताळापूर्वीच्या नऊ दिवसांच्या मिस्सा तिथे नेल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा 'पारोल'ही आला. हा पारोल म्हणजे काय? बांबूच्या कामट्यांवर कागद चिकटवून केलेला चांदणीचा कंदील! त्याच्याखाली आमचे आप्त वर्षानुवर्षे भक्तिभावाने उभे राहिले. तो परक्याचा कंदील त्यांना पवित्र वाटला. आपल्या लेकरांनी कामट्या तासून केलेला मात्र धर्मबाह्य ठरला.

जपानमध्ये तर १९७४ पासूनच्या एका जाहिरातीमुळे नाताळाच्या रात्री तळलेली कोंबडी आणण्याची प्रथा पडली आहे. ते ऐकून आम्हांस गंमत वाटते. करंजीवर मात्र ठराव होतो!

ज्यास आपण 'खरा' नाताळ समजतो, तोही कुठल्या ना कुठल्या गावचाच आहे. गोठ्याचा देखावा संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी प्रथम उभारला, तोही खऱ्या बैलाला आणि गाढवाला आणून. सजविलेले झाड जर्मन घरांतले; रोममध्ये संत पेत्राच्या चौकात ते आले १९८२ साली, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकिर्दीत. म्हणजे आमच्यातील कित्येकांच्या वयापेक्षाही ते लहान आहे. आणि डिसेंबरच्या पुण्यात आपण गोठ्यावर कापसाचा बर्फ पसरतो, त्याविरुद्ध आजवर कोणी तक्रार केल्याचे आम्हांस स्मरत नाही.

परदेशी येऊन तिथला होण्याचे धैर्य फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापाशी होते. हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. ख्रिस्तजन्माची कथा सांगताना इंग्लंडातील गीतांचा आधार न घेता त्यांनी मराठी ओवी स्वीकारली. 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. ओवी 'हिंदूंची' म्हणून त्यांनी टाकली असती, तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे काय राहिले असते?

ख्रिस्तसभेनेही या बाबतीत संदेह ठेवलेला नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकांच्या रीतींना वाट करून दिली. भारतासाठी १९६९ साली बारा मुद्दे मान्य झाले, त्यांत आरतीही आहे. वेदीपुढे आरती चालते आणि दारात रांगोळी चालत नाही, हा न्याय आम्हांस उमगत नाही.

विरोधकांची एक भीती मात्र रास्त आहे. माळा लखलखतात आणि गव्हाणीतील बाळ अंधारात राहते, असे काही घरी आम्ही पाहिले आहे. पण हा दोष कंदिलाचा नव्हे. केक आणि सांताबाबाच्या घरीही तो तितकाच आढळतो. तेव्हा ठराव करायचाच असेल, तर गोठ्यापुढे रोज सायंकाळी कुटुंबाने एकत्र प्रार्थना करावी, असा करू या.

आप्तांनी त्या दिवशी अखेर माळा घेतल्या, घासाघीस करून दोन. यंदा आगमनकाळाआधीच्या बैठकीत तोच विषय पुन्हा येणार आहे. आम्ही कामट्या, कागद आणि खळ घेऊन जाणार आहोत.