मांडव उतरल्यानंतर काय उरते?

दिवाळी सरून हवेत गारवा आला की देशभर महोत्सवांचा हंगाम सुरू होतो. संगीत, नाटक, चित्रकला, साहित्य, चित्रपट, लोककला. प्रत्येकाचा मांडव वेगळा, कमान वेगळी आणि प्रायोजकही वेगळे. एखाद्या मध्यम शहरातील रसिकालाही या दिवसांत एकाच संध्याकाळी दोन ठिकाणची निमंत्रणे आलेली असतात. ही समृद्धी आनंदाचीच आहे. तरीही हंगामाच्या अखेरीस एक प्रश्न विचारावासा वाटतो. मांडव उतरला, खुर्च्या मोजून परत गेल्या, कमानीचे बांबू सुटले. त्यानंतर काय उरले? रसिकाच्या मनात काही तरी उरले असेलच. परंतु ज्या कलावंतांच्या बळावर हा डोलारा उभा राहिला, त्यांच्या पदरात मानधन आणि पुष्पगुच्छ यांखेरीज काय पडले?

हा प्रश्न आताच विचारण्याचे कारण असे की, गेल्या दीड दशकात आपल्याकडे एका नव्या धर्तीचा महोत्सव रुजला आहे. तो केवळ प्रेक्षकांसाठी नाही, निरनिराळ्या क्षेत्रांतील सर्जनशील मंडळींनी काही दिवस एकत्र यावे, परस्परांकडून प्रेरणा घ्यावी, नवे ऋणानुबंध जुळावेत यासाठी तो आहे, असे आयोजक सांगतात. त्याला 'इमर्सिव्ह' असे नाव आहे. म्हणजे काठावर उभे न राहता अनुभवात बुडून जाणे. २०१२ साली डिसेंबरच्या बारा तारखेला केरळात कोची-मुझिरिस बिनालेचा प्रारंभ झाला. बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे तिचे संस्थापक मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात घडलेले चित्रकार, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. कलावंतांनीच पुढाकार घेऊन बंदरावरच्या जुन्या वखारींना आंतरराष्ट्रीय कलेचे व्यासपीठ बनवले. पुढे २०१६ पासून पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरू लागला. चित्रकार, नर्तक, वादक, नाट्यकर्मी, हस्तकलाकार आणि पाककर्मी अशा सर्वांना त्याने एका नगरात आणले. या उपक्रमांची थट्टा करणे सोपे आहे. ते आम्ही करणार नाही. एकाकी काम करणाऱ्या कलावंताला समानधर्मी माणसे भेटणे ही चैन नसून गरज आहे.

मात्र या महोत्सवांना जडलेले दोन विकारही नजरेआड करता येत नाहीत. पहिला विकार आकड्यांचा. किती लाख लोक आले, किती देशांचे प्रतिनिधी होते, किती ठिकाणी कार्यक्रम झाले, यावर यश मोजले जाते. आकारच ध्येय झाला की कलावंत मागे पडतो. २०२२ साली कोचीच्या बिनालेतील मुख्य प्रदर्शन ठरल्या दिवशी, १२ डिसेंबरला, उघडू शकले नाही. ते २३ तारखेपर्यंत पुढे ढकलावे लागले आणि सहभागी कलावंतांनी जाहीर पत्र लिहून आयोजनातील त्रुटींवर बोट ठेवले. दुसरा विकार घाईचा. मोठा कलाकार दुपारच्या विमानाने येतो, संध्याकाळी कला सादर करतो आणि पहाटेच्या विमानाने दुसऱ्या महोत्सवासाठी रवाना होतो. आपल्या आधी कोण गायले आणि नंतर कोण नाचणार आहे, हे ऐकण्या-पाहण्याची त्याला सवड नसते. मग 'ऋणानुबंध' या शब्दाचा अर्थ भ्रमणध्वनीचे क्रमांक घेणे आणि एकत्र छायाचित्र काढणे एवढाच उरतो. बुडण्याची भाषा करायची आणि पावलेही भिजू द्यायची नाहीत, असा हा प्रकार आहे.

कलावंतांना खऱ्या अर्थाने एकत्र आणणे म्हणजे काय, याचा धडा आपल्याच इतिहासात आहे. मार्च १९१६ मध्ये बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागची प्रेरणा होती मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या आणि वकिलीचा व्यवसाय करणाऱ्या पं. विष्णू नारायण भातखंडे यांची. त्या काळी घराण्याची चीज ही घराण्याची तिजोरी होती. शिष्यालाही ती सहजासहजी मिळत नसे. परघराण्यातील गायकाला तर तिचा वाराही लागू दिला जात नसे. एकाच नावाचा राग एका गावी एका चालीचा, तर दुसऱ्या गावी दुसऱ्याच. अशा स्थितीत संस्थानिकांच्या पदरी असलेले उस्ताद, पंडित आणि संगीताचा शास्त्रीय अभ्यास करणारे विद्वान यांना भातखंड्यांनी समोरासमोर बसवले.

तेथे केवळ मैफली झाल्या असत्या, तर आज त्या परिषदेची कोणी आठवणही काढली नसती. तेथे वाद झाले. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी सेवेतील इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांचा बावीस श्रुतींचा सिद्धान्त आणि त्यासाठी घडवलेली श्रुतिपेटी हा त्या काळी मोठ्या कुतूहलाचा विषय होता. बडोद्यास त्यावर खडाजंगी झाली. ग्रंथातील गणित आणि गायकाच्या गळ्यातून उमटणारा प्रत्यक्ष स्वर एकमेकांसमोर उभे राहिले. त्यानंतर १९१८ साली दिल्लीत, १९१९ साली काशीत आणि पुढे १९२४ व १९२५ साली लखनौला परिषदा भरल्या. रागांची स्वरूपे काय असावीत, कोणत्या रागात कोणता स्वर वर्ज्य, यावर जाणकार तासन्‌तास बसले. एकमत सर्वत्र झाले नाही; भातखंड्यांच्या पद्धतीवर टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. परंतु मांडव उतरल्यावर तेथे काही तरी उरले. १९२६ साली लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले, तेच आज भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. उस्तादांनी दिलेल्या चिजा 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या गेल्या आणि तिजोरीची किल्ली सामान्य घरांतील विद्यार्थ्याच्या हाती आली. आपल्या घरातील मुलगी आज संगीताच्या परीक्षेला बसते आणि पुस्तकातून बंदिश शिकते, त्यामागे त्या परिषदांमधील तंट्यांचाही वाटा आहे.

इतिहासाचे उदाहरण दिले की 'ते दिवस गेले' असे उत्तर मिळते. म्हणून स्वातंत्र्योत्तर काळातील एका उदाहरणाकडे वळू. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचे छोटे गाव आहे. सुपारीच्या बागा हा तेथील लोकांचा मुख्य व्यवसाय. १९४९ साली या गावातील मंडळींनी ग्रामदेवतेच्या नावाने नीलकंठेश्वर नाट्य सेवा संघ स्थापन केला, तोच 'निनासम'. के. व्ही. सुब्बण्णा हे त्याचे आधारस्तंभ. १९९१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २००५ साली त्यांचे निधन झाले. त्यांची राजकीय विचारसरणी आमच्याहून वेगळी होती. पण गावाच्या मातीत जगाची कला रुजवण्याचे त्यांचे कार्य पाहून कोणाही संघटकाने नतमस्तक व्हावे. पुण्याचाही त्यात वाटा आहे. पुण्याच्या चित्रपट संस्थेतील प्रा. सतीश बहादूर यांच्यासारखे अध्यापक चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेण्यासाठी या खेड्यात गेले आणि सुपारीच्या बागायतदारांनी जगातील अभिजात चित्रपट पाहून त्यावर चर्चा केली.

त्याच परंपरेतून तेथे दरवर्षी भरणारे संस्कृती शिबिर उभे राहिले. लेखक, नट, दिग्दर्शक, गायक, शिक्षक आणि विद्यार्थी काही दिवस गावात मुक्कामाला येतात. रात्री नाटक पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी बसून त्याची चिकित्सा करायची, हा तेथील शिरस्ता. ज्याने रात्री भूमिका केली तो सकाळी श्रोत्यांत बसलेला असतो आणि आपल्या कामाबद्दल परखड मत ऐकून घेतो. पंगतीत नामवंत लेखकाशेजारी तालुक्याच्या शाळेतला शिक्षक जेवायला बसतो. याच संस्थेने १९८० साली नाट्यशाळा काढली आणि १९८५ पासून 'तिरुगाट' ही फिरती नाटक मंडळी कर्नाटकातील गावोगावी पाठवली. निवासी शिबिरांचा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांना या पद्धतीचे सामर्थ्य वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. एका छपराखाली राहणे, एका वेळी उठणे, एका पंगतीत जेवणे यांतून जे घडते, ते दोन तासांच्या भाषणाने कधीच घडत नाही.

बडोदे आणि हेग्गोडू यांच्यात काळाचे आणि साधनांचे अंतर मोठे आहे. तरी दोहोंत चार गोष्टी समान आहेत. कलावंत तेथे मुक्कामाला राहिले. त्यांनी एकमेकांचे ऐकले आणि एकमेकांना प्रश्नही विचारले. कोणी तरी यजमान मनापासून उभा राहिला. एका ठिकाणी संस्थानिक, तर दुसऱ्या ठिकाणी आख्खे गाव. आणि प्रत्येक मेळाव्यातून पाठशाळा, ग्रंथ, फिरती मंडळी असे काही तरी टिकाऊ निर्माण झाले. महोत्सवाच्या यशाची हीच मोजपट्टी असली पाहिजे.

या मोजपट्टीवर महाराष्ट्राचे काय दिसते? १८७८ साली न्या. रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन झाले. त्या परंपरेतील साहित्य संमेलनांची संख्या आता शंभरीला टेकली आहे. ग्रंथप्रदर्शनातील गर्दी ही त्याची जमेची बाजू निश्चितच आहे. पण तीन दिवसांत एक लेखक दुसऱ्या लेखकाचे नवे लेखन बसून ऐकतो आणि त्यावर स्पष्ट बोलतो, असे दृश्य किती वेळा दिसते? अध्यक्षपदाचा वाद, राजकीय पाहुण्यांची वेळ आणि जेवणाच्या रांगा यांच्याच बातम्या अधिक होतात. आणखी एक गोष्ट आपण विसरता कामा नये. १८८५ साली ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी पत्र पाठवून नाकारले होते. ज्यांच्या दुःखाची ग्रंथकारांना जाणीव नाही, त्यांनी त्या सभेत का यावे, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. आजच्या महोत्सवांच्या निमंत्रणपत्रिकेवर तमाशाच्या फडातील ढोलकीपटू, वासुदेव, गोंधळी, पैठणी विणणारा कारागीर यांची नावे कोठे असतात? बहुधा उद्घाटनाच्या मिरवणुकीत. चर्चासत्राच्या खुर्चीवर त्यांना जागा नसते. समरसतेची भाषा बोलणाऱ्यांनी तरी ही उणीव आधी स्वतःच्या कार्यक्रमांतून दूर केली पाहिजे.

वास्तविक सात दिवस बुडून जाण्याची कला महाराष्ट्राच्या खेड्याला कोणी शिकवावी लागत नाही. अखंड हरिनाम सप्ताह हा त्याचा पुरावा आहे. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. दररोज नवा कीर्तनकार. त्याच्यामागे टाळकरी, विणेकरी, पखवाजवादक. नवशिका मृदंगी ज्येष्ठाच्या शेजारी बसून हात पाहतो, तरुण कीर्तनकार आधीच्या रात्रीचे निरूपण ऐकून आपले चिंतन मांडतो. जेवणाची पंगत गावातील घरे वाटून घेतात आणि काल्याच्या कीर्तनाने सांगता होते. १९१७ साली विष्णुबुवा जोग यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि या परंपरेला पाठशाळेची जोड दिली. ज्या समाजाने हे शतकानुशतके चालवले, त्याला कलावंतांच्या मेळाव्यासाठी तारांकित हॉटेलांची आणि भव्य पडद्यांची वाट पाहण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. कलावंतालाही संसार आहे. सात दिवस मुक्काम केला तर त्याच्या उत्पन्नाचे काय? त्याने केवळ सेवाभावाने यावे, असे सुखवस्तू आयोजकाने सांगणे अन्यायाचे ठरेल. म्हणूनच मुक्कामाचेही मानधन दिले पाहिजे. मांडव, रोषणाई आणि जाहिराती यांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग इकडे वळवला तरी हे साधेल. दहा नावे बोलावण्याऐवजी चार बोलवा, पण त्यांना चार दिवस ठेवा. सकाळचा वेळ तरुण कलावंतांबरोबरच्या बैठकीसाठी राखून ठेवा. तालुक्याच्या गावातून येणाऱ्या होतकरूंची राहण्याची सोय कार्यकर्त्यांच्या घरी करा.

संगीताच्या बाबतीत तर असे मुक्कामी मेळावे निकडीचे झाले आहेत. पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने पुण्यात रसिकांच्या पिढ्या घडवल्या, त्या रात्रभराच्या मैफलींतून. खुल्या जागेत ध्वनिवर्धकाला रात्री दहाची मर्यादा आली, वर्षातील मोजके दिवस ती मध्यरात्रीपर्यंत सैल होते. आणि उत्तररात्रीचे राग मोठ्या मंचावरून जवळपास नाहीसे झाले. नियम योग्यच आहे. आजाऱ्यांची आणि विद्यार्थ्यांची झोप महत्त्वाची आहे. परंतु पन्नास-साठ जणांच्या निवासी बैठकीला ध्वनिवर्धक लागतोच कशाला? एखाद्या देवळाच्या सभामंडपात, वाड्याच्या माडीवर किंवा शाळेच्या सभागृहात पहाटे दोनचा राग पहाटे दोन वाजता ऐकता येईल. १९७७ साली दिल्लीच्या आयआयटीत जन्मलेल्या 'स्पिक मॅके' चळवळीने आपल्या निवासी अधिवेशनांतून हेच साधले आहे. तेथे कलावंत आणि विद्यार्थी एका आवारात राहतात, पहाटे उठतात, श्रमदान करतात आणि रात्रभराच्या मैफलीला बसतात.

प्रत्येक जिल्ह्यात आज शाखा, शाळा, वाचनालये, सहकारी संस्था आणि मंदिरांचे विश्वस्त मंडळ यांचे जाळे आहे. यंदाच्या हंगामात त्यांपैकी एकेकाने एक छोटा, तीन-चार दिवसांचा मुक्कामी कलामेळावा पदरात घेतला, तर पुढील पिढीसाठी मोठे काम होईल. यजमानपण गावाने घ्यावे, चिकित्सेला मोकळीक असावी, निमंत्रणात कोणाचीही जात आडवी येऊ नये आणि समारोपाच्या दिवशी एक प्रश्न आवर्जून विचारावा: आपण येथे काय मागे ठेवून जात आहोत? एक ध्वनिमुद्रण, एक टिपणवही, एक नवा शिष्य, एवढे जरी उत्तर मिळाले तरी मांडवाचा खर्च कारणी लागला असे समजावे.