समुद्राकडे पाठ करून घर बघा

यजमानांच्या निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली, की घराघरांतून एक विषय हमखास निघतो. "पुरे झाली ही शहरातली धावपळ. कोकणात समुद्रकाठी एखादं टुमदार घर घेऊ आणि निवांत राहू." मी रत्नागिरीत राहते, त्यामुळे मुंबई-पुण्याकडच्या ओळखीच्या बायका मला नेहमी विचारतात, "कुठलं गाव निवडावं गं?" मैत्रिणींनो, आज त्याचंच बोलू या.

बहुतेक मंडळी हे ठरवतात मे महिन्यात. आंब्याच्या पेट्या भरत असतात, संध्याकाळी खारा वारा अंगाला लागतो, मुलं वाळूत किल्ले करतात. पण कांदेपोह्यांच्या दिवशी जसं प्रत्येक घर लखलखीत असतं ना, तसं हे मेमधलं कोकण! खरा संसार पुढेच कळतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की घर बघताना समुद्राकडे पाठ करा. विहीर बघा, रस्ता बघा, दवाखाना बघा. समुद्र कुठं पळून जात नाही.

एकदा आषाढात या

रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. झड लागली की साडी चार-चार दिवस वाळत नाही. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, गाद्यांना आणि पुस्तकांना बुरशी येते, अंगणातल्या चिऱ्यावर शेवाळ धरतं. खाऱ्या हवेनं लोखंडी कपाट, पंखा, गॅसची शेगडी लवकर गंजतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताजी मासळी कमी. भाजी घाटावरून येते. घाट बंद झाला की तीही महागते. आम्ही इथल्या बायका कुळीथ, सोडे, पापड, आमसुलं अशी आगोटीची बेगमी करून ठेवतो. तुम्हालाही ती शिकावी लागेल.

वादळाचंही विचारून घ्या. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आमच्या जिल्ह्यात दापोली-मंडणगडकडची घरं उघडी पडली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावं बरेच दिवस अंधारात राहिली. ज्या गावात घर घेणार तिथल्या शेजारणीला विचारा, "तेव्हा तुमच्याकडे काय झालं होतं हो?" दलालापेक्षा ती खरं सांगेल.

आणि एकदा वैशाखात

एवढा पाऊस पडूनही कोकणात उन्हाळ्यात टँकर फिरतात, हे ऐकून घाटावरच्या बायकांना नवल वाटतं. पण जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, वाहून जातं. तेव्हा मेमध्ये आलातच, तर आधी विहिरीत डोकवा. तळ दिसतो का? समुद्राजवळची विहीर असेल तर पाणी चाखून बघा, मचूळ लागतं का? नळ असेल तर किती दिवसांआड आणि किती वाजता येतो? हंडा-कळशी तुमच्याच कमरेवर यायची आहे, बरं का!

कुठलं गाव कुणाला?

रत्नागिरी शहरात जिल्हा रुग्णालय आहे, २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. बाजार, वाचनालय, नाटक, फ्लॅट सगळं आहे आणि मांडवी-भाट्याचा समुद्रही. शांतता मात्र थोडी कमी. मिऱ्याच्या बाजूला घर बघत असाल तर पावसाळ्यातल्या उधाणाच्या दिवशी जाऊन लाटा कुठवर येतात ते स्वतः बघा.

गणपतीपुळे आरे-वारेच्या रस्त्यानं रत्नागिरीहून साधारण पंचवीस किलोमीटर. देवळाचं सुख मोठं, पण सुट्ट्यांत आणि अंगारकीला गर्दी एवढी, की दूध आणायला बाहेर पडणं कठीण. मोठ्या डॉक्टरांसाठी रत्नागिरीच गाठायची.

गुहागरला वाड्या, व्याडेश्वराचं देऊळ आणि लांबच लांब स्वच्छ किनारा. मात्र रेल्वे आणि मोठी खरेदी चिपळूणला, सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर. २२ जुलै २०२१ च्या महापुरात ते चिपळूणच पाण्याखाली गेलं होतं, हेही ध्यानात असू द्या.

दापोली समुद्रावर नाही, सुमारे आठशे फूट उंचीवर आहे. १९७२ साली तिथं कोकण कृषी विद्यापीठ झालं, त्यामुळे शाळा, डॉक्टर, शिकलेली वस्ती आहे. मुरुड, कर्दे, हर्णैचा समुद्र थोड्याच अंतरावर. समुद्रावर राहण्यापेक्षा समुद्राजवळ राहावं, असं मला तरी वाटतं. साठीच्या पुढच्या जोडप्याला तालुक्याचं गाव बरं; समुद्र काय, रविवारी बघता येतो.

एकटीनं राहता येईल का?

आता जरा मनाला लागेल असं बोलते. माझ्या एका मावससासूबाई डोंबिवलीहून समुद्रकाठच्या एका वाडीत राहायला आल्या. घर देखणं, पण रस्त्यापासून सत्तरेक पायऱ्यांची पाखाडी उतरून खाली. मावससासऱ्यांना हौस फार, त्यांनी बाग फुलवली. तिसऱ्या पावसाळ्यात ते घसरून पडले. शेजारच्या चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं, मग गाडी, मग दवाखाना. पुढच्या वर्षी ते गेले. मागे राहिल्या मावशी, ती पाखाडी आणि एकट्या यजमानांच्या नावावरचं घर. वारसाची नोंद करायला म्हणून त्या माऊलीनं तलाठ्याकडे किती खेपा घातल्या! शेजार मात्र फार चांगला मिळाला, म्हणूनच त्या अजून तिथं आहेत.

म्हणून बायांनो, गाव निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा. उद्या मी एकटी राहिले, तर या घरात राहू शकेन का? गाडी चालवता येत नसेल तर एस.टी. कुठं थांबते, वस्तीची गाडी येते का? रात्री हाक मारली तर कुणाला ऐकू जाईल? हे अभद्र बोलणं नाही, शहाणपण आहे.

कागदही स्वतः बघा. महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते. तुम्ही शेतकरी नसाल तर बिनशेती झालेलीच जागा बघा. कोकणातल्या सातबाऱ्यावर सामायिक नावं पुष्कळ असतात, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आहेत का ते पाहा. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचं नाव नाही ना? किनाऱ्याजवळ भरतीच्या रेषेपासून ठरावीक अंतरात बांधकामाला बंधनं आहेत, ती आधी वकिलांकडून समजून घ्या. घरावर तुमचं नाव हवंच. नुसतं बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. ती तुम्हाला कशी मिळेल ते दुय्यम निबंधकांच्या कचेरीत विचारा. यजमानांशी हा विषय काढायला संकोच वाटतो खरा, पण ही सवलत हे चांगलं निमित्त आहे!

ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवलं. पुढे राजवाडा बांधून मिळाला, समुद्र तर होताच. पण १९१६ साली इथंच तो वारला आणि १९१९ साली राणी मायदेशी परतली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारायला हवं, आणि कुणी विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगायला हवं.

शेवटचं : शहरातलं घर एकदम विकू नका. आधी वर्षभर भाड्यानं राहून बघा. एक पावसाळा, एक उन्हाळा आणि एक गणपती त्या गावात काढा. एवढ्यात शेजारीण वाटीभर आमटी घेऊन तुमच्या ओटीवर आली, की समजा, गाव तुम्हाला मानवलं. मग खुशाल घर घ्या, आणि तेव्हा समुद्राकडे तोंड करून बसा!