डॅशकॅमची वायर आणि साक्षीची विश्वासार्हता

कोगनोळीच्या टोलनाक्यापाशी कर्नाटकात शिरणारा राष्ट्रीय महामार्ग ४८, ज्याला जुन्या क्रमांकामुळे अजूनही अनेकजण ‘एनएच फोर’ म्हणतात, निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी आणि वंटमुरी घाट ओलांडून बेळगावला पोहोचतो. निपाणी ते बेळगाव हे अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास असले, तरी घाटातील उतार, गावांना जोडणारे सेवारस्ते, पुण्या-मुंबईहून बंगळूरकडे रात्रंदिवस धावणारे अवजड ट्रक आणि नोव्हेंबरपासून सुरू होणाऱ्या गाळप हंगामात मागचे दिवे नसताना अंधारात चालणारे उसाचे डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर, यांमुळे या टप्प्यात वाहन चालवणे अवघड होते. अपघात झाला की तो कसा झाला याविषयी दोन बाजूंच्या दोन हकिकती तयार होतात, आणि कोणती खरी हे सांगणारा तटस्थ साक्षीदार बहुधा तिथे थांबलेला नसतो. गाडीच्या पुढील काचेमागे बसवलेला आणि समोरचा रस्ता सतत चित्रित करणारा छोटा कॅमेरा, म्हणजे डॅशकॅम, हा असा साक्षीदार ठरू शकतो, मात्र त्याची वायरिंग नीट केलेली असली तरच.

सीमाभागात या साक्षीला आणखी एक पदर आहे. निपाणी-चिकोडीची केए-२३, बेळगावची केए-२२ आणि कोल्हापूरची एमएच-०९ या क्रमांकांच्या गाड्या एकाच बाजारपेठेत, एकाच लग्नसमारंभाला आणि एकाच रुग्णालयाच्या दारात रोज उभ्या असतात, परंतु राज्यांचे संबंध ताणले गेले की नंबरप्लेटवरची दोन अक्षरे अचानक महत्त्वाची ठरतात. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावच्या पुढे हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्रातील नोंदणीच्या ट्रकांवर दगडफेक झाली आणि महाराष्ट्राच्या एसटीची कर्नाटकातील सेवा थांबवावी लागली, हे अलीकडचेच उदाहरण आहे. शिवाय कर्नाटकातील पोलीस ठाण्याचे कामकाज कन्नडमध्ये चालते, त्यामुळे कोल्हापूर किंवा गडहिंग्लजकडून आलेल्या मराठी चालकाला आपला जबाब कसा लिहिला गेला हे वाचताही येत नाही. समोरून कोण चुकीच्या बाजूने आले, हे दाखवणारे चित्रीकरण मात्र त्याच्या बाजूने तितक्याच स्पष्टपणे बोलते, मग ते पाहणारा अधिकारी कोणत्याही भाषेचा असो.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डॅशकॅमबरोबर सिगारेट लायटरच्या खोबणीत, म्हणजे आजच्या भाषेत बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये, घालायचा प्लग येतो. हा मार्ग सोपा असला तरी साक्षीच्या दृष्टीने तो कमकुवत आहे. त्याच सॉकेटवर मोबाईलचा चार्जर लावण्यासाठी कॅमेऱ्याचा प्लग काढला जातो आणि परत लावायचा राहतो, खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तो सैल होतो, आणि काचेवरून डॅशबोर्डवर लोंबणारी तार गिअरच्या दांड्यात किंवा चालकाच्या हातात अडकते. नेमक्या अपघाताच्या क्षणी कॅमेरा बंद होता, अशी जी तक्रार वारंवार ऐकू येते, तिचे मूळ बहुधा कॅमेऱ्यात नसून वीज पोहोचवण्याच्या या पद्धतीत असते.

कायमस्वरूपी जोडणीसाठी हार्डवायर किट नावाचा संच वापरला जातो. त्यातील छोटी डबी गाडीच्या बॅटरीचा बारा व्होल्टचा दाब कॅमेऱ्याला लागणाऱ्या पाच व्होल्टवर आणते, आणि तिच्यातून सामान्यतः तीन तारा निघतात: एक सतत वीज असलेल्या परिपथासाठी, दुसरी किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या परिपथासाठी आणि तिसरी अर्थिंगसाठी, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडण्यासाठी. अनेक संचांत त्या अनुक्रमे पिवळ्या, लाल आणि काळ्या असतात, तथापि रंगांवर विसंबून न राहता माहितीपत्रक पाहणे आणि मल्टिमीटरने प्रत्येक जागा तपासणे हेच योग्य. या तारा गाडीच्या मूळ वायरिंगचे आवरण सोलून, त्यावर पीळ देऊन आणि टेप गुंडाळून जोडणे ही आपल्याकडील सर्रास प्रथा असली, तरी ती सोडून दिली पाहिजे. उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डखाली त्या टेपचा डिंक सुटतो, उघडा पडलेला जोड धातूला टेकला की ठिणगी पडते, आणि मूळ वायर कापलेली आढळल्यास कंपनीची वॉरंटी नाकारली जाण्याचा धोका वेगळाच.

सुरक्षित पर्याय फ्यूज टॅपचा आहे. फ्यूज म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागताच वितळून परिपथ तोडणारी पातळ धातूची पट्टी, आणि फ्यूज टॅप म्हणजे त्याच खाचेत बसून मूळ फ्यूज व नवा फ्यूज दोन्ही धरणारा, एका खाचेतून दोन स्वतंत्र परिपथ काढणारा जोड. फ्यूजांची पेटी बहुतेक मोटारींत स्टिअरिंगखाली किंवा त्याच्या उजव्या बाजूला झाकणामागे असते. फ्यूजचे आकार वेगवेगळे असल्याने आपल्या गाडीला नेमका बसणारा टॅप घ्यावा लागतो. तो कोणत्या दिशेने बसवला आहे हेही महत्त्वाचे, कारण उलटा बसवल्यास दोन्ही परिपथांचा प्रवाह जुन्या फ्यूजमधूनच वाहतो आणि संरक्षणाची रचना बिघडते. कॅमेऱ्यासाठी दोन किंवा तीन अँपिअरचा फ्यूज पुरेसा असतो. एअरबॅग, ब्रेकची एबीएस यंत्रणा आणि इंजिनाचा संगणक यांच्या खाचांना मात्र कोणत्याही कारणासाठी हात लावू नये. सॉकेटचा किंवा आतल्या दिव्याचा परिपथ निवडावा, म्हणजे काही चुकलेच तर फार तर दिवा लागणार नाही. अर्थिंगची तार रंग दिलेल्या पत्र्याला नव्हे, तर थेट धातूत शिरलेल्या बोल्टखाली घट्ट आवळावी लागते, अन्यथा कॅमेरा मधूनच बंद पडतो आणि दोष शोधण्यात दिवस जातात.

सतत वीज देणाऱ्या तारेमुळे गाडी उभी असतानाही चित्रीकरण चालू राहते. बेळगावच्या खडेबाजारासारख्या गर्दीच्या भागात उभ्या गाडीला कोणीतरी घासून गेले, तर ही सोय उपयोगी पडते, पण तिचा हिशेब आधी करायला हवा. उभ्या अवस्थेत तीन वॉट वीज घेणारा कॅमेरा बारा व्होल्टच्या बॅटरीतून पाव अँपिअर खेचतो, म्हणजे दिवसभरात सहा अँपिअर-तास, आणि लहान मोटारीची बॅटरी सुमारे पस्तीस अँपिअर-तासांची असते. आठवडाभर गाडी दारात उभी राहिली तर ती सुरूच होणार नाही. म्हणून किटमध्ये दाब एका मर्यादेखाली उतरताच वीज तोडणारी सोय असते. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि १२.१ व्होल्टच्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते, हे लक्षात घेता ही मर्यादा १२ व्होल्टच्या खाली ठेवणे शहाणपणाचे नाही.

तार कोठून न्यावी हा प्रश्न सौंदर्याचा समजला जातो, वस्तुतः तो जिवाचा आहे. पुढील काचेच्या दोन्ही कडांना छत तोलून धरणारे जे खांब असतात, त्यांना ए-पिलर म्हणतात, आणि अनेक नव्या मोटारींत या खांबाच्या आवरणामागून छताच्या कडेने पडदा-एअरबॅग, म्हणजे बाजूच्या धडकेत काचेवर पडद्यासारखी उलगडणारी पिशवी, बसवलेली असते. कॅमेऱ्याची तार काचेच्या वरच्या कडेला छताच्या अस्तरात बोटाने ढकलून सहज बसवता येते, परंतु खांबातून खाली उतरवताना ती या पिशवीच्या पुढून गेली, तर पिशवी फुगताना तारेचा अडथळा होतो किंवा तार, तिची क्लिप आणि प्लॅस्टिकचा तुकडा प्रवाशाच्या चेहऱ्याकडे फेकला जातो. तार पिशवीच्या मागून न्यावी आणि कंपनीने आधीच बसवलेल्या वायरच्या जुडग्याला कापडी टेपने बांधावी, असा नियम आहे. त्यासाठी आवरण काढावे लागते, आणि ते काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण जोडणी सोडवून काही मिनिटे थांबावे लागते. अॅक्सेसरीजच्या दुकानात वीस मिनिटांत ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या कारागिराला तार पिशवीच्या पुढून जाणार की मागून, हा एक प्रश्न विचारला तरी त्याच्या कामाची परीक्षा होते. आपल्या भागात हातात कसब असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनांची कमतरता नाही. कमतरता आहे ती हे काम नीट करायला लागणारा वेळ आणि त्याचा योग्य मोबदला देणाऱ्या ग्राहकांची.

मागच्या काचेवर दुसरा कॅमेरा लावायचा असल्यास त्याची तार छताच्या अस्तरातून डिकीपर्यंत न्यावी आणि डिकीच्या दाराच्या सांध्याजवळच्या रबरी नळीतूनच पुढे काढावी, कारण उघडझाप होणाऱ्या सांध्यात मोकळी राहिलेली तार काही महिन्यांत आतून तुटते. पुढील कॅमेरा आरशाच्या मागे, वायपरने पुसल्या जाणाऱ्या भागात हवा. आंबोली किंवा चोर्ल्याच्या पावसात त्या भागाबाहेरची काच काहीच दाखवत नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून टोलनाक्यांवर सक्तीचा झालेला फास्टॅग बहुधा त्याच जागी चिकटवलेला असतो, तेव्हा दोहोंमध्ये पुरेसे अंतर सोडावे. स्वस्त किटमुळे आकाशवाणीच्या धारवाड किंवा सांगली केंद्राच्या प्रसारणात खरखर येऊ लागली, तर तार अँटेनाच्या वायरपासून दूर सरकवणे हा पहिला उपाय.

साठवणुकीचा विचार वायरिंगइतकाच आवश्यक आहे. सेकंदाला पंधरा मेगाबिट या दराने चित्रीकरण करणारा कॅमेरा तासाला पावणेसात गिगाबाइट जागा खातो, म्हणजे ६४ गिगाबाइटच्या कार्डावर नऊ-साडेनऊ तासांचेच चित्रण मावते आणि त्यानंतर जुन्यावर नवे लिहिले जाते. सकाळी निपाणीजवळ घडलेला प्रसंग त्याच कार्डावर मुंबईला पोहोचेपर्यंत पुसला जाऊ शकतो, म्हणून प्रसंगानंतर लगेच कार्ड काढून ठेवावे. तसेच कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर आहे ना, हे महिन्याकाठी पाहावे, कारण चुकीची तारीख छापलेले चित्रण विरुद्ध पक्षाच्या वकिलाला आयतेच साधन देते.

डॅशकॅमबरोबरच रडार डिटेक्टर बसवून घेण्याची हौस काही चालकांना असते. पोलिसांच्या वेगमापक यंत्राची चाहूल आधी लागावी, हा त्यामागचा हेतू. रडार ठरावीक वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडते आणि येणाऱ्या गाडीवरून परतलेल्या लहरींची वारंवारता किती वाढली यावरून वेग काढते. या वाढीला १८४२ मध्ये तिची मांडणी करणाऱ्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ क्रिस्तियन डॉप्लर यांचे नाव मिळाले आहे. २४.१५ अब्ज हर्ट्झच्या लहरी ताशी १०० किलोमीटरने येणाऱ्या गाडीवर आदळल्या, तर हा फरक सुमारे साडेचार हजार हर्ट्झचा असतो. या लहरी पसरट असल्याने डिटेक्टर त्यांना दुरून ओळखतो, पण दुकानांची आपोआप उघडणारी दारे आणि काही मोटारींतील संवेदक याच वारंवारतेच्या आसपास काम करत असल्याने तो विनाकारणही किंचाळतो. त्यातच आता पोलिसांच्या हाती बहुतांशी लेसर गन असते. तिचा अवरक्त किरण ३०० मीटरवर जेमतेम एक मीटर रुंद होतो, त्यामुळे इशारा मिळेपर्यंत वेगाची नोंद झालेली असते, आणि दोन कॅमेऱ्यांतील अंतर व वेळ यांवरून सरासरी वेग काढणाऱ्या पद्धतीपुढे तर डिटेक्टरला काही कामच उरत नाही. तवंदीच्या उतारावर वेग कमी ठेवण्याचे कारण पोलीस नसून तो उतार आहे. तेव्हा या उपकरणासाठी गाडीत आणखी एक तार ओढू नये, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या १६७-अ या नियमाने वेगमापक कॅमेऱ्यांबरोबर डॅशबोर्ड कॅमेऱ्यालाही अंमलबजावणीच्या साधनांत स्थान दिले आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवण्याचे बंधन घातले. खासगी गाडीतील चित्रणाचे मोल मात्र नुकसानभरपाईत सर्वाधिक जाणवते. धडक देऊन पळालेले वाहन अज्ञातच राहिले, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. क्रमांक वाचता आला, तर त्या वाहनाच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात प्रत्यक्ष हानीच्या प्रमाणात भरपाई मागता येते. हेच चित्रण आपल्या चालकाची चूकही तितक्याच निष्ठेने दाखवेल, हे गृहीत धरूनच कॅमेरा लावावा.

न्यायालयात ते कसे सादर करावे, याचा महत्त्वाचा निवाडा मराठी मुलखातूनच गेलेला आहे. जालना विधानसभा मतदारसंघातील निवडणुकीच्या वादातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरवले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना प्रमाणपत्र अनिवार्य आहे, मात्र मूळ उपकरणच मालकाने न्यायालयात हजर करून शपथेवर सांगितले तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत, एक सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, भरायचे असून त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यातील एक अक्षर बदलले तरी पूर्ण बदलणारा सांकेतिक आकडा, नोंदवावा लागतो. व्हॉट्सअॅपवरून पाठवताना फाइल दाबून लहान केली जाते आणि तिचा आकडा मूळ फाइलशी जुळत नाही. त्यामुळे कोगनोळीपासून बेळगावजवळच्या काकतीपर्यंत कोठेही प्रसंग घडला, तरी मूळ कार्डातील फाइल संगणकावर जशीच्या तशी उतरवून घ्यावी, कार्ड पोलिसांकडे देताना पंचनाम्यात त्याचा उल्लेख करून घ्यावा आणि कॅमेऱ्याच्या खरेदीची पावती सांभाळून ठेवावी.