विश्लेषण : एका छायाचित्रात हजार दीर्घिका... पण त्यासाठी अंधार आणायचा कुठून?

तेजोमेघांची रंगीत छायाचित्रे आता शहरातल्या गच्चीवरूनही टिपता येतात. दीर्घिकांच्या समूहाचे विस्तृत मोझॅक मात्र तिथून जमत नाही. महागडा कॅमेरा आणि नवे सॉफ्टवेअर हाताशी असूनही हौशी खगोल छायाचित्रकारांना शहर सोडावे लागते. असे का, आणि ज्यांना या छंदाशी देणेघेणे नाही त्यांनीही याचा विचार का करावा?

कन्या दीर्घिकासमूह कुठे आहे?

मार्च ते मे या काळात उत्तरा फाल्गुनीचा तारा शोधावा. त्याच्या पूर्वेला, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतरावर हा समूह आहे. तो सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असून त्यात हजाराहून अधिक दीर्घिका आहेत. १८ मार्च १७८१ च्या रात्री शार्ल मेसिए यांनी या भागातील आठ धूसर ठिपके नोंदवले. त्या प्रत्येकात अब्जावधी तारे आहेत, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती. त्यांतील एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराचे छायाचित्र एप्रिल २०१९ मध्ये जगाने पाहिले.

मोझॅकच कशासाठी?

हा समूह आकाशात आठ अंशांहून अधिक पसरला आहे, म्हणजे सोळा पूर्णचंद्र एका ओळीत मांडल्यासारखा. ५०० मिमी नाभीय अंतराची छोटी दुर्बीण आणि एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा घेतला तर एका वेळी जेमतेम पावणेतीन बाय पावणेदोन अंशांचा तुकडा मिळतो. शेजारच्या चौकटी एकमेकींवर थोड्या चढवत गेले तर अशा २४ चौकटी लागतात. प्रत्येकीला तीन तास दिले तर ७२ तास होतात. चांदणे नसलेल्या रात्री रोज पाच तास मिळाले, तरी पंधरा रात्री हव्यात.

मोठ्या वेधशाळा असताना ही मेहनत कशाला, असे कुणी विचारेल. हबलच्या मुख्य कॅमेऱ्याची चौकट चंद्रबिंबापेक्षाही कितीतरी लहान आहे. त्याला एकेक दीर्घिका बारकाईने दिसते, पण अख्खा समूह एका नजरेत येत नाही. अमेरिकेतील किट पीक येथील बरेल श्मिट दुर्बिणीचा व्यास अवघा २४ इंच. तरीही २००५ मध्ये तिच्या खोल, विस्तृत छायाचित्रांतून दीर्घिकांच्या मधल्या जागेतील अतिमंद प्रकाश उघड झाला. दीर्घिकांच्या ओढाताणीत निखळलेल्या ताऱ्यांचा हा प्रकाश आहे. समूहाचा इतिहास दीर्घिकांच्या मधल्या या ‘रिकाम्या’ जागेतही लिहिलेला आहे.

फिल्टरने काम का भागत नाही?

हायड्रोजन, ऑक्सिजन यांसारख्या वायूंचे अनेक तेजोमेघ ठरावीक तरंगलांबींवर उजळतात. तेवढाच प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावला की शहराचा उजेड बाहेर राहतो. दीर्घिकांचा प्रकाश हा मुख्यतः ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांत विखुरलेला. शहराचा उजेड अडवायला जावे, तर दीर्घिकाही अडते. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश मोजक्या तरंगलांबींत एकवटलेला असे, त्यामुळे तो काही प्रमाणात गाळता येई. पांढऱ्या एलईडीने ती सोयही काढून घेतली.

हिशेब साधा आहे. आकाशाची पार्श्वभूमी दहापट उजळ झाली, तर मंद प्रकाश तितक्याच स्पष्टपणे टिपायला दहापट वेळ लागतो. मग ७२ तासांचे ७२० तास होतात. पावसाळ्याआधीच्या एका हंगामात ते बसणे अशक्य.

सॉफ्टवेअर हा उपाय आहे का?

अर्धाच. शहराच्या बाजूला झुकलेली चौकट अधिक उजळ येते, रात्रीगणिक हा उजेड बदलतो आणि चौकटी जोडल्या की गोधडीसारखे ठिगळ दिसते. ते सपाट करणारी साधने आहेत. मात्र पार्श्वभूमी पुसताना दीर्घिकांमधला खरा मंद प्रकाशही पुसला जातो, कारण दोन्ही तितकेच धूसर असतात. त्यातच नसलेला तपशील भरणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. चित्र देखणे होते, पण त्यातला आकाशाचा भाग किती आणि संगणकाचा किती, हे पाहणाऱ्याला कळत नाही. छायाचित्रासोबत एकूण वेळ, ठिकाण आणि प्रक्रियेची माहिती देण्याचा शिरस्ता म्हणूनच पाळला गेला पाहिजे.

मग करायचे काय?

मूठभर हौशी लोकांसाठी दिवे विझवायचे का, हा आक्षेप स्वाभाविक आहे. पण दिवे विझवा, असे कुणी म्हणत नाही. आकाशाकडे जाणारा उजेड रस्त्याच्या उपयोगाचा नसतो, त्याचे वीजबिल मात्र भरावे लागते. रात्री उडणारे पक्षी आणि कीटकांचीही त्याने दिशाभूल होते. वरून झाकलेला, फक्त जमिनीकडे प्रकाश टाकणारा, ३००० केल्विनपेक्षा कमी रंग-तापमानाचा दिवा एवढीच मागणी आहे.

हे जमण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, तो परिसरातील गावांचे दिवे बदलून. तिथे कुणाची रात्र अडली नाही. इतर नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी पुढचा पथदिवा बसवताना तेवढाच विचार करायला हवा. साडेपाच कोटी वर्षे प्रवास करून आलेला प्रकाश शेवटच्या काही किलोमीटरमध्ये हरवतो. तो वाचवण्याचे काम दुर्बिणीपेक्षा पथदिव्याच्या निविदेतून अधिक होईल.