पेण-रोह्यात शेती-उद्योगाची 'जोळ' कशी बसेल?

राज्याचे नवे स्टार्टअप धोरण २०२५ साली आले. पाच वर्षांत ५० हजार स्टार्टअप उभे करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रात नवे शहर वसवण्याचे काम एमएमआरडीएकडे गेले. अटल सेतू सुरू झाला, नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. म्हणजे बाजारपेठ तुमच्या बांधापर्यंत येत आहे आणि त्याच वाटेने जमीन विकत घेणाराही येत आहे. भात काढून झाल्यावर त्या शेतातून आणखी चार पैसे मिळत नसतील, तर तरुण मुलगा जमीन राखण्याचा आग्रह का धरील? स्थानिक उद्योजकांचा गट उभा करण्याच्या गोष्टीकडे या बाजूने पाहायला हवे.

असा गट कसा तयार होतो हे शिकायला पेणकरांना लांब जायला नको. गणेशमूर्तीचा धंदा बघा. शाडूची माती गुजरातेतून येते. कच्चा माल इथला नसताना पेण हे मूर्तींचे गाव झाले, कारण साचा करणारा, रंगारी, डोळ्यांची आखणी करणारा आणि मूर्ती बांधून गाडीत भरणारा असे सगळे हाताच्या अंतरावर आहेत. कारखान्यात काम शिकलेला मुलगा पुढे स्वतःचा कारखाना काढतो आणि हंगामात कोणाकडे माणूस कमी पडला तर शेजारून मिळतो. हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी हे काम पसरले ते असेच.

दुसरे उदाहरण पोह्याच्या पापडाचे. भाताचे पोहे आणि पोह्यांचे पापड, हा तर थेट शेतीतून आलेला धंदा. तो बायकांनी आपल्या हातांवर उभा केला आणि 'पेणचे पापड' एवढे नाव मुंबईत माल खपवायला पुरते.

याहून जुना धडा खारेपाटात आहे. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बाहेरकाठ्याची डागडुजी गावाने मिळून करण्याची रीत होती. तिला 'जोळ' म्हणत. बांध एका जागी फुटला तरी खारे पाणी सगळ्यांच्या भातात जाणार, म्हणून प्रत्येक घरातून माणूस यायचा. गट टिकतो तो अशा सामाईक गरजेवर. नुसत्या अनुदानासाठी दहा नावे गोळा केली तर अनुदान संपले की गटही संपतो. अशा कागदोपत्री कंपन्या विस्तार कर्मचाऱ्यांनी पुष्कळ पाहिल्या असतील.

मग पेण-रोह्यात सामाईक गरज कशात सापडेल? आमच्या मते वालात. भातानंतर जमिनीतल्या ओलीवर येणारे हे पीक. हिवाळ्यात ओल्या शेंगांची पोपटी होते, पुढे वाळलेले वाल व्यापारी नेतो. पण मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला हवे असते बिरडे. वाल भिजवा, मोड आणा, कोमट पाण्यात घालून सोला, एवढा वेळ शहरात कोणाकडे आहे? सोललेल्या मोडाच्या वालाला भाव चांगला मिळतो, कारण त्यात सोलण्याची मजुरी असते. ती मजुरी आज आपण दुसऱ्याला देऊन टाकतो.

अडचण अशी की सोललेले वाल थंडाव्याशिवाय टिकत नाहीत आणि दुकानदाराला माल रोज लागतो. एका घराला हे झेपणार नाही. दहा घरांनी वार लावून घेतले तर झेपेल. त्यासाठी दाणा एकसारखा हवा, कडवे आणि गोडे वाल मिसळलेले चालणार नाहीत. म्हणून बियाण्यापासून एकत्र ठरवावे लागेल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कोकण वाल-१ आणि कोकण वाल-२ हे वाण आहेत. आपल्या जमिनीला कोणता चालेल ते रोहा तालुक्यातील किल्ला येथील कृषि विज्ञान केंद्रात विचारा. रोह्याचा आणखी एक उपयोग आहे. धाटावच्या एमआयडीसीत काम केलेल्या मुलांना यंत्र, पॅकिंग, बॅच नंबर, नोंदवही हे सगळे ठाऊक असते. पेणचा हात आणि रोह्याची ही शिस्त एकत्र यायला हवी. दिवा-रोहा मेमू दोन्ही गावांना थांबतेच.

पैशाचा विषय नाजूक आहे. २०१० साली पेण अर्बन बँक अडचणीत आली आणि ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यानंतर 'सगळ्यांनी पैसे एकत्र टाकू' म्हटले की इथला माणूस सावध होतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. म्हणून सुरुवात भांडवलाने करू नका. पहिल्या हंगामात फक्त माल एकत्र करा, दर आठवड्याला हिशेब सर्वांसमोर मोठ्याने वाचा. उत्पादक कंपनीला किमान दहा उत्पादक आणि पाच संचालक लागतात, पण त्याबरोबर दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि विवरणपत्रेही येतात. दोन हंगाम व्यवहार नीट झाला तरच तिकडे वळा. तोवर बचत गट पुरे. २०२० साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रासाठी ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आणि बचत गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद आहे. अर्जाची सध्याची मुदत तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

२१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांनी सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर मतदान केले होते. जमीन राखण्यासाठी गावे एकत्र आली, जमिनीतला माल विकण्यासाठी मात्र आपण अजून एकेकटेच व्यापाऱ्यासमोर उभे राहतो.

विस्तार कर्मचाऱ्यांना एक विनंती. गावात पहिली बैठक योजनेची माहिती देण्यासाठी घेऊ नका. भात कापणीच्या आधी वाल पेरणारी दहा घरे शोधा आणि बियाणे एकच घ्यायचे का, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा.